काजळीच्या पाठीवरचा कोंडा

सकाळी साडेसातच्या सुमारास पल्लवीच्या सासूबाईंनी, कुमुदताईंनी, आमच्या मांजराच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि ते खिडकीच्या उजेडात धरलं. बोटाला पांढरा कोंडा लागला होता.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आदल्या दिवशीच्या डोहाळजेवणाची भांडी पुसून फळीवर लावत होत्या. पल्लवी, माझी नणंद, सात महिन्यांचं पोट सांभाळत पलंगाच्या कडेला बसली होती आणि मांजर तिच्या मांडीला टेकून झोपलं होतं.

"थंडीचं असेल," आई म्हणाल्या. "आमच्यासुद्धा टाचा फुटल्यात."

"टाचा वेगळ्या आणि हे वेगळं." कुमुदताईंनी बोट नळाखाली धरलं, साबण लावला, परत धुतलं. "पल्लवी, हात दाखव बघू."

पल्लवीनं हात पुढं केला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक लाल पुरळ होतं. ते मी आधी पाहिलं होतं. पोटावरही आहे असं आईंनी सांगितलं होतं.

"म्हणजे हे असं आहे तर," कुमुदताई म्हणाल्या आणि चहा उचलला.

मिरजेतल्या त्या घरात लग्न होऊन येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. काजळी माझ्या आधीची. पल्लवी कॉलेजात असताना तिनं हे काळं पिल्लू सायकलच्या बास्केटमधून आणलं होतं. तिचं लग्न होऊन ती कोल्हापूरला गेली आणि मांजर मागं राहिलं. पुढं मी आले आणि त्याला खाऊ घालणं, विंचरणं माझ्याकडं आलं. तोवर काजळी चांगलीच लठ्ठ झाली होती. चालताना तिचं पोट दोन्ही बाजूंना हलायचं. कोंडा कमरेपासून शेपटीपर्यंतच होता, आणि काळ्या अंगावर तो पाटीवरच्या खडूसारखा लांबून दिसायचा.

"बाळंतपण माहेरी करायचं म्हणालात, मी हो म्हटलं," कुमुदताई आईंना म्हणाल्या. "पहिलं माहेरीच असतं. पण तान्ह्या बाळाच्या खोलीत हे नको. पुढच्या शुक्रवारी मी गाडी घेऊन येते. तोवर हे मांजर गेलेलं असू दे. नाहीतर मी हिला घेऊन जाते. कोल्हापुरात काय दवाखाने नाहीत?"

पल्लवीनं हात मागं घेतला आणि बाही खाली ओढली. तिचं आधीचं एक मूल तिसऱ्या महिन्यात कोल्हापुरातच गेलं होतं. या खेपेला दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा फोनवर तिनं पहिलं वाक्य हेच म्हटलं होतं, की काहीही होऊ दे, मला तिकडंच ठेवून घ्या.

"आम्ही डॉक्टरला दाखवतो," आई म्हणाल्या.

"पल्लवीला?"

"मांजराला."

"मांजराला डॉक्टर," कुमुदताई म्हणाल्या. "बरं."

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन परतले तर न्हाणीघराच्या दारातून वाफ येत होती. आई पाटावर बसल्या होत्या आणि मामंजींच्या जुन्या पंच्यात गुंडाळलेली काजळी त्यांच्या मांडीवर होती. फक्त डोकं बाहेर, कान मागं. आईंच्या हातावर दोन लांब ओरखडे होते.

"काय केलंत हे?"

"न्हाऊ घातलं. आधी खोबरेल तेल चोळलं, मुरू दिलं, मग साबण लावून ऊन पाण्यानं धुतलं. बघ कशी चमकतेय."

"पण आज संध्याकाळी डॉक्टरकडं जायचंय ना?"

"म्हणूनच की. डॉक्टरकडं अशी घाणेरडी घेऊन जायची? आपल्या घरचं मांजर आहे. तो माणूस काय म्हणेल, ह्यांच्याकडं पाणी नाही का?"

त्या घरात हे नवीन नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडं जायच्या आधी सगळे दोनदा दात घासत. मामंजींना छातीत दुखायला लागलं होतं, तेव्हाही आईंनी आधी त्यांना धुतलेलं धोतर नेसायला लावलं आणि मगच रिक्षा बोलावली, असं प्रमोद, माझा नवरा, हसत सांगायचा. मामंजी त्यातून वाचले आणि पुढं आणखी चार वर्षं जगले, त्यामुळं त्या गोष्टीवर हसता यायचं.

डॉक्टर आवटींचा दवाखाना सांगली रस्त्याला होता. पुढच्या बाकावर शेळी घेऊन एक बाई, तिच्या शेजारी आम्ही. काजळी कापडी पिशवीत. डॉक्टर तरुण होते आणि कमी बोलायचे. त्यांनी काजळीला टेबलावर ठेवलं, केस उलटे फिरवले, वास घेतला.

"आंघोळ कुणी घातली?"

"मी," आई म्हणाल्या. थोड्या अभिमानानंच.

"तेलपण?"

"खोबरेल. शुद्ध."

डॉक्टरांनी सेलोटेपचा एक तुकडा कापला, काजळीच्या कमरेवर दाबून चिकटवला, उचलला, काचेच्या पट्टीवर लावला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ बघितलं. मग आणखी एक तुकडा, मानेजवळून. तोही बघितला.

"काही दिसत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे काही नाही?" मी विचारलं.

"म्हणजे दिसत नाही. तेल दिसतंय." ते खुर्चीत मागं टेकले. "हे बघा, दोन गोष्टी असू शकतात. मांजर लठ्ठ आहे, त्याची जीभ पाठीपर्यंत पोचत नाही. त्यात कोरडी हवा. खायला काय देता?"

"दूधभात," मी म्हणाले. "पोळीचा कुस्करा."

"मासा?"

आईंनी माझ्याकडं बघितलं, मग डॉक्टरांकडं. "आम्ही लिंगायत आहोत."

"तुम्ही असाल. मांजर नाही."

"ते आमच्याच घरात जन्मलंय म्हणा ना जवळजवळ."

डॉक्टर हसले नाहीत. "तर एक म्हणजे हे. कोरडी कातडी. वजन उतरवा, रोज विंचरा, पाणी जास्त पाजा, माशाचं तेल देतो ते दोन थेंब खाण्यात घाला. खोबरेल लावू नका, ते चाटून पोट बिघडतं. साबण तर नकोच, त्यानं कातडी आणखी कोरडी पडते. हे असेल तर महिन्या-दोन महिन्यांत जाईल, आणि कुणाला लागणार नाही."

"आणि दुसरं?"

"दुसरं म्हणजे किडा. डोळ्याला दिसेल न दिसेल एवढा. तो कोंड्याखालून चालतो, म्हणून कोंडाच चालल्यासारखा वाटतो. तो माणसाला चावतो. हातावर, पोटावर पुरळ येतं. घरात कुणाला खाज आहे?"

"माझ्या नणंदेला," मी म्हणाले.

"मांजराला रोज हाताळतं कोण?"

"मी."

"तुम्हाला?"

मी दोन्ही हात पुढं केले. काही नव्हतं.

"प्रत्येकालाच येतं असं नाही," ते म्हणाले, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. "नणंदेला कधीपासून?"

मी उत्तर द्यायच्या आधी आई म्हणाल्या, "इथं आल्यावरच. माहेरपणाला आलीय ती."

"घरात दुसरं जनावर?"

"नाही."

"किडा असला तर औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "पण घरात गरोदर बाई आहे आणि ती मांजर मांडीवर घेते. नक्की झाल्याशिवाय मी ते घालणार नाही. पंधरा दिवस अंगाला पाणी लावू नका, तेल लावू नका, मग घेऊन या."

"पंधरा दिवस?" मी म्हणाले. "आम्हाला शुक्रवारच्या आत सांगायचंय."

"कुणाला?"

आईंनी पिशवीचे बंद आवळले.

"केस उलटे विंचरून कोंडा काळ्या कागदावर झाडा," डॉक्टर निघताना म्हणाले. "भिंगातून बघा. हलतोय असं वाटलं तर लगेच या."

माशाच्या तेलाची बाटली आईंनी घरात येऊ दिली नाही. ती मागच्या दारी, झाडूच्या खुंटीवर टांगलेल्या पिशवीत राहिली. "आणि थेंब घालून झाल्यावर वाटी माझ्या भांड्यांत मिसळू नकोस," त्यांनी बजावलं. तेवढं सोडलं तर त्यांची हरकत नव्हती.

गच्चीवर दुपारी मी आणि पल्लवी भिंग घेऊन बसलो. काळा कागद मिळाला नाही म्हणून माझ्या छत्रीचं कापड पसरलं. काजळीला माशाच्या तेलाचा वास आवडला होता, ती आपण होऊन आडवी झाली. मी विंचरलं. साबणानं कोंडा कमी व्हायच्या ऐवजी वाढला होता. छत्रीवर पांढरा सडा पडला.

"बघ," मी भिंग पल्लवीला दिलं.

"तूच बघ वहिनी, मला वाकता येत नाही."

मी बघितलं. भिंगाखाली कोंडा म्हणजे पापडाचे तुकडे. मी बघत राहिले आणि एक तुकडा हलला.

"हलला."

"तुझ्या श्वासानं."

मी श्वास धरला. परत बघितलं. आता काही हललं नाही. श्वास सोडला तसं सगळंच हललं. मग काजळीनं शेपटी आपटली आणि आमचा सगळा पुरावा गच्चीभर उडाला.

पल्लवी हसायला लागली. हसताना तिनं पोट धरलं. मीही हसले.

"पल्लवी, तुला खाज कधी सुटली गं पहिल्यांदा?"

"सुटली असेल कधीतरी. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, या दिवसांत होते. कातडी ताणते."

"पण इथं यायच्या आधी की नंतर?"

ती काजळीच्या कानामागं खाजवत होती. "वहिनी, तू अगदी पोलिसासारखं विचारतेस," ती म्हणाली, आणि हात धरून उठव म्हणाली.

म्हणजे तीन कारणं झाली. कोरडी हवा, किडा आणि बाळ. तिन्ही शक्य होती, आणि मला एकही नक्की धरता येईना. पुढच्या तीन दुपारी मी छत्री पसरली. एकदा वाटलं हललं, एकदा वाटलं नाही, एकदा खरोखरच मुंगी होती.

बुधवारी कुमुदताईंचा फोन आला. आईंनी घेतला. "हो," म्हणाल्या, "दाखवलं. काही निघालं नाही." मग बराच वेळ ऐकत राहिल्या. "नाही, तसं लिहून नाही दिलं त्यांनी." परत ऐकलं. "बरं," म्हणाल्या, आणि रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणतात?" प्रमोदनं विचारलं.

"शुक्रवारी येतायत. पल्लवीची बॅग भरून ठेवा म्हणाल्या, किंवा..." आईंनी वळून बघितलं. पल्लवी दारात उभी होती. "तू सांग बाई. तुझं मांजर आहे."

मला वाटलं पल्लवी रडेल, भांडेल. निदान पंधरा दिवस मुदत मागा म्हणेल. ती म्हणाली, "द्या सोडून."

"अगं पण डॉक्टरांनी..." मी म्हणाले.

"वहिनी, द्या सोडून म्हटलं ना."

आई तिच्याकडं बघत होत्या. तिनं बघितलं नाही. ती आत गेली आणि पलंगावर भिंतीकडं तोंड करून झोपली. काजळी तिच्या मागोमाग गेली.

प्रमोदच्या ओळखीच्या मगदूमांचं तासगावला बेदाण्याचं गोडाऊन होतं. तिथं उंदीर फार, मांजर हवंच होतं. गुरुवारी सकाळी प्रमोद तिला स्कूटरवरून घेऊन गेला. मी तेलाची बाटली दिली, दोन थेंब घालायला सांगा म्हणाले. तो म्हणाला, सांगतो. सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

शुक्रवारी कुमुदताई आल्या. घर बघितलं, गाद्या उन्हात टाकलेल्या बघितल्या, आईंच्या हातची खीर खाल्ली आणि समाधानानं परत गेल्या. पल्लवी राहिली. मार्चअखेर तिला मुलगी झाली, मिरजेतच, सुखरूप. बाळंतपणानंतर पुरळ गेलं. मांजर गेल्यामुळं गेलं असं कुमुदताई म्हणाल्या, बाळ झाल्यामुळं गेलं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन्हींच्या तारखा जुळत होत्या.

जूनमध्ये पल्लवीला आणि बाळाला कोल्हापूरला पोचवायला मी गेले. त्या घरात मी लग्नानंतर एकदाच गेले होते, तेही हॉलपर्यंत. या वेळी दार उघडलं आणि एक छोटं पांढरं पॉमेरियन कुत्रं भुंकत पल्लवीच्या पायाशी आलं. त्याचे केस पार कातरलेले होते. गुलाबी कातडी दिसत होती.

"टफी, नाही. बाळ आहे," पल्लवी म्हणाली आणि एक पाऊल मागं सरली.

"येऊ दे गं, आता बरा आहे तो," तिचे सासरे सोफ्यावरून म्हणाले. साधा माणूस, मला पाणी त्यांनीच आणून दिलं. "दिवाळीत काय अवस्था झाली होती त्याची. अंगभर कोंडा. नुसता झडायचा. त्यात सदान्कदा हिच्या मांडीवर. ही माहेरी गेली आणि हा जास्तच खाजवायला लागला, मग केस काढले, डॉक्टरनं मानेवर औषध घातलं. किडे होते म्हणाला."

कुमुदताई आतून आल्या. "प्रवासातून आल्यात त्या, त्यांना चहा तरी घेऊ द्या," त्या म्हणाल्या. पल्लवी बाळाचं दुपटं घडी घालत होती. घातलेली घडी मोडून तिनं परत घातली.

ती डिसेंबरात माहेरी आली होती. दिवाळी त्याच्या आधी.

दुपारी तिच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. बाळ झोपलं होतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हाताला दिवाळीतच आलं होतं," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "सासूबाईंना दाखवलं होतं. गहू निवडताना येतं म्हणाल्या."

"मग तेव्हा बोलली का नाहीस? काजळीवर सगळं आलं."

"काय बोलू? तुमच्या कुत्र्याचा रोग मी माहेरी घेऊन आले? आमच्याकडून असं बोललं गेलं असतं तर त्यांनी त्याच मिनिटाला गाडीत बसवलं असतं मला. वहिनी, मला तिथंच राहायचं होतं. मला दुसरं काही दिसत नव्हतं."

"आईंना तरी सांगायचंस."

"आईला सांगितलं होतं."

बाहेर टफी दाराला नखं घासत होता.

"कधी?"

"कधी म्हणजे?"

"आईंनी काजळीला न्हाऊ घातलं, त्याच्या आधी की नंतर?"

पल्लवीनं कपाळाला आठ्या घातल्या. ती खरंच आठवत होती असं मला वाटलं. "त्याच दिवशी सकाळी बहुतेक. की संध्याकाळी, तुम्ही डॉक्टरकडून आल्यावर? नाही आठवत गं. का?"

परतीच्या एसटीत मी तेच धरून बसले. आईंनी डॉक्टरांना सांगितलं होतं, इथं आल्यावरच. ते माहीत असून सांगितलं की नसून? आणि ते तेल, तो साबण? डॉक्टरकडं स्वच्छ जायचं म्हणून, की डॉक्टरला काही सापडू नये म्हणून? न सापडलं तर मांजर वाचेल, असा त्यांचा हिशेब असेल. किंवा सापडलं तर ते कुठून आलं हे विचारलं जाईल, ही भीती असेल. किंवा यातलं काहीच नसेल, आणि त्यांनी नेहमीसारखी फक्त आंघोळ घातली असेल.

घरी आल्यावर मी आईंना टफीबद्दल सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या.

"होय का," त्या म्हणाल्या. "गरीब बिचारं. त्याला तरी कळतं का."

"आता काजळीला आणायला काय हरकत आहे?"

"प्रमोदला विचार."

रविवारी मी आणि प्रमोद तासगावला गेलो. गोडाऊनमध्ये बेदाण्याचा गोड, जड वास होता. मगदूमांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि मग थोडे गोंधळून आमच्याकडं बघितलं.

"मांजर तुमच्याकडंच आहे ना?" ते म्हणाले.

"आमच्याकडं कसं असेल?" प्रमोद म्हणाला. "तुमच्याकडं सोडलं होतं की."

"हो, पण ते नेलं ना परत. एप्रिलमध्येच. तुमच्या घरच्या बाई आल्या होत्या."

"कोण बाई?"

"नाव नाही विचारलं मी. साठीच्या आसपास असतील. म्हणाल्या, मिरजेचं आमचं मांजर आहे, घ्यायला आले. काजळी म्हणून हाक मारली, ते आलं. मी म्हटलं, घेऊन जा. आता आपलं म्हणणाऱ्याला नाही कसं म्हणायचं?"

मी आणि प्रमोदनं एकमेकांकडं बघितलं. एप्रिलमध्ये पल्लवी बाळंतिणीच्या खोलीत होती आणि आई तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळत होत्या. पण बारशानंतर त्या एकदा दिवसभरासाठी बहिणीकडं म्हणून एसटीनं गेल्या होत्या. कुमुदताईही त्या महिन्यात दोनदा गाडीनं येऊन गेल्या होत्या. मांजर कुठं दिलं, हे पहिल्याच भेटीत त्यांनी प्रमोदला विचारून घेतलं होतं.

रात्री जेवताना प्रमोदनं आईंना सरळ विचारलं.

"मी कशाला जाऊ तासगावला?" आई म्हणाल्या आणि त्याच्या पानात भाकरी वाढली.

कुमुदताईंना विचारायचा प्रश्नच नव्हता. मुलीकडच्यांनी असलं काही विचारायचं नसतं, आणि पल्लवी त्यांच्या घरात होती. पल्लवीला मी विचारलं. ती म्हणाली, मला माहीत नाही, आणि यावर परत बोलू नकोस.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. गेल्या महिन्यात एका लग्नात मगदूम भेटले. मी विषय काढला. त्यांना मांजर आठवत होतं, बाईही आठवत होत्या.

"त्या एसटीनं आल्या होत्या की गाडीनं?" मी विचारलं.

मगदूमांनी बराच विचार केला. त्या गेटपाशी चालत आल्या होत्या, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.